भरधाव हा शब्द माझा नव्हता

फोन सारखा स्टोरेज फुल, स्टोरेज फुल दाखवायला लागला म्हणून एका रात्री जेवणं उरकल्यावर जुने व्हॉट्सॲप मेसेज पुसत बसले होते, त्यात तासगावच्या धाकट्या बहिणीला पाठवलेला एक व्हॉइस मेसेज सापडला. १७ फेब्रुवारी २०२०, सकाळी १० वाजून ५२ मिनिटं. "अगं आत्ता यार्डाच्या गेटजवळ काय झालं माहितीय का, मी गाडी स्टँडला लावत होते आन् मागं धाडकन आवाज आला, वळून बघते तर सायकलवाले काका खाली, पिकअप तिरका उभा, पायाकडं बघवत नव्हतं गं. माझे हात अजून कापाय लागलेत." एवढाच मेसेज. मी तो चार वेळा ऐकला आणि मग नवऱ्याला उठवून ऐकवला.

कारण मेसेज सापडला त्याच्या अकराच दिवस आधी, जानेवारी २०२४ मध्ये, मी कोर्टात शपथ घेऊन सांगून आले होते की पिकअप लांबून भरधाव येताना मी बघितला आणि धडक माझ्या डोळ्यांदेखत झाली. नवऱ्यानं मेसेज ऐकला आणि पहिला प्रश्न विचारला, मग कोर्टात खोटं बोललीस का. मी नाही म्हणाले. खोटं बोलायचं मनातसुद्धा नव्हतं, मला खरंच तसंच दिसत होतं. आजही डोळे मिटले की दिसतं. हे लिहायचं कारण तेच आहे.

मी सांगलीत मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेबाचं काम करते. हळदीचा सीझन सुरू झाला की सकाळी सौद्याच्या वेळेला यार्डात पाय ठेवायला जागा नसते, गाड्या, पोती, हमाल, सगळीकडं पिवळी धूळ. त्या दिवशी मी गाडी लावत होते आणि एका पिकअपनं सायकलवरनं कामाला येणाऱ्या एका हमाल काकांना उडवलं. उजव्या पायाला दोन ठिकाणी फ्रॅक्चर, आत रॉड घातला, नंतर पोतं उचलणं बंदच झालं त्यांचं. चालवणारा पोरगा तेवीस-चोवीस वर्षांचा, तो पळून गेला नाही, तिथंच डोक्याला हात लावून उभा होता, त्यामुळं कोण होता यावर कधी वादच नव्हता. वाद होता तो चूक कुणाची यावर.

तीन दिवसांनी मला जबाबासाठी बोलावलं. हवालदार भले माणूस होते, आधी चहा सांगितला, मग काय काय झालं विचारलं. मी सांगितलं, आवाज लई मोठा आला, म्हणजे जोरातच असणार. त्यांनी कॉम्प्युटरवर टाईप केलं की "सदर वाहन चालकाने रस्त्याचे परिस्थितीकडे दुर्लक्ष करून आपले ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने चालवून माझे समक्ष सायकलस्वारास धडक दिली." मग मला वाचायला दिलं. मी वाचलं, बरोबर आहे म्हणाले आणि दुकानावर गेले. ज्यानं कुणी असा एखादा जबाब वाचलाय त्याला हे वाक्य पाठ असेल, प्रत्येक अपघाताच्या कागदात ते असतंच, कारण तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ मध्ये गुन्हा बसायचा तर हयगय किंवा बेदरकारपणा दाखवावा लागायचा, म्हणून तयार साचा असतो आणि त्यात माणसाचं बोलणं ओतलं जातं. हवालदारांनी मुद्दाम काही केलं असं मला वाटत नाही. पण भरधाव हा शब्द माझा नव्हता, आणि "माझे समक्ष" हे तर मी बोललेच नव्हते.

चार वर्षांनी समन्स आलं. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकड्यावर बसले होते तेव्हा माझाच जबाब माझ्या हातात दिला, वाचून घ्या ताई, आठवेल म्हणून. वाचला. आणि वाचता वाचता सगळं स्वच्छ समोर आलं, वळणावरनं पिकअप येतोय, मागची हिरवी ताडपत्री वाऱ्यानं फडफडतीय, काका सायकल बाजूला घ्यायला बघतायत, आणि धाड. मला अगदी हायसं वाटलं की बघा, चार वर्षं झाली तरी विसरले नाही. मग पुकारा झाला, पिंजऱ्यात उभी राहिले, शपथ घेतली. आरोपीचे वकील वयस्कर होते, आवाज चढवून बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, ताई तुम्ही गाडी लावत होतात ना? हो. मग आवाज आल्यावर तुम्ही वळून बघितलंत, बरोबर? मी म्हणाले नाही, माझं लक्ष रस्त्याकडंच होतं. वेग किती असेल? साठ-सत्तर. नक्की? नक्की. आणि वर मी स्वतःहून ताडपत्रीचं सांगितलं, कारण मला वाटलं एवढं बारीक सांगितलं की त्यांना पटेल मी खरंच बघितलंय.

ती ताडपत्री मी बघितली होती हे खरं, पण पिकअप थांबल्यावर. माझ्या डोक्यानं ती उचलून आधीच्या चित्रात नेऊन लावली होती.

मेसेज सापडल्यावर मला झोपच लागेना, मग मुलं झोपली की रोज वाचत बसायला लागले. पहिलंच जे सापडलं ते वाचून अंगावर काटा आला. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या दोघांनी १९७४ साली कॉलेजच्या पोरांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि नंतर विचारलं की गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता. सगळ्यांना प्रश्न तोच, फक्त क्रियापद वेगळं. ज्यांना जोरदार शब्द वापरून विचारलं, म्हणजे आपण चक्काचूर झाल्या म्हणू तसला, त्यांनी सरासरी ताशी ४० मैलांच्या वर वेग सांगितला, आणि ज्यांना नुसतं "एकमेकींना लागल्या" असं विचारलं त्यांचा आकडा ३२ मैलांच्या आसपास. दुसऱ्या प्रयोगात १५० जण होते, त्यांना आठवड्यानं परत बोलावून विचारलं, फुटलेल्या काचा बघितल्या का? फिल्ममध्ये काचा फुटलेल्याच नव्हत्या. पण जोरदार शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, साध्या शब्दाच्या ५० मधले ७, आणि ज्यांना वेगाचं काहीच विचारलं नव्हतं त्यांच्यातले ६. म्हणजे शब्द नुसता उत्तरात शिरत नाही, तो चित्रात शिरतो आणि काचा फोडतो. माझ्या चित्रात त्यानं अख्खा पिकअप वळणावरनं चालवत आणला.

आपल्याला लहानपणापासनं वाटत असतं की आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू, फार तर धूळ बसेल, पण वस्तू तीच. तसं नसतं. फ्रेडरिक बार्टलेट नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९३२ सालीच दाखवून दिलंय की माणूस आठवतो तेव्हा दरवेळी नव्यानं रचतो, थोडं बघितलेलं, थोडं ऐकलेलं, थोडं "असंच झालं असणार" हे, आणि सांधे दिसत नाहीत. आमची आजी गोधडी शिवायची ना तसं, कुठल्या लुगड्याचा तुकडा कुठं गेला ते ती सोडून कुणाला कळायचं नाही. इथं तर शिवणाऱ्यालासुद्धा कळत नाही.

आणि हे फक्त कोर्टात होत नाही. आमचं माहेर सांगलीच्या गावभागात. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा घरात माणूसभर पाणी होतं. आई आजही सांगते की आम्हाला रात्री बोटीतनं काढलं, तिच्या मांडीवर देवाचा डबा होता, बोट हलायला लागली की ती डबा घट्ट धरायची. ऐकताना डोळ्यात पाणी येतं. पण माझ्या फोनमध्ये फोटो आहे, तारखेसकट, दिवसाउजेडी आम्ही सगळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलोय, पाणी अजून गुडघ्याएवढंच आहे, आणि देवाचा डबा भावाच्या हातात आहे. बोट शेजारच्यांची, आणि नंतर आठवडाभर टीव्हीवर बघितलेली. मी एकदा आईला फोटो दाखवला. ती बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, हा २१ सालच्या पुरातला असेल. नाही गं आई, तारीख बघ की. तिनं फोन परत दिला, पुढच्या वेळी सांगताना बोट होतीच.

याच्यावर पण अभ्यास झालाय. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान आकाशात फुटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडनं लिहून घेतलं की ही बातमी तुम्हाला कुठं, कशी कळली. अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना नायसर आणि निकोल हार्श यांनी परत तेच विचारलं. साधारण पाव लोकांचं तर सगळंच्या सगळं चुकलेलं, आणि तरी आपल्याला पक्कं आठवतंय असं त्यांना वाटत होतं. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर धरला तरी खरी आठवण परत आली नाही. मला हे पटतं, कारण माझा स्वतःचा आवाज मी फोनमधनं ऐकतेय, "वळून बघते तर" म्हणतेय, आणि तरी वळल्याचं मला आजसुद्धा आठवत नाही. मला पिकअप येतानाच दिसतो.

ठामपणाचं हे जे आहे ना ते सगळ्यात घातक वाटतं मला. आपण म्हणतो, खरं बोलणारा माणूस अडखळत नाही. मी अजिबात अडखळले नाही. वकिलांनी "नक्की?" विचारलं की माझा आवाज अजून पक्का व्हायचा. अमेरिकेतल्या जेनिफर थॉम्पसनची केस वाचली तेव्हा पोटात खड्डा पडला. १९८४ साली ती कॉलेजात होती, नॉर्थ कॅरोलायनात, रात्री घरात घुसून तिच्यावर बलात्कार झाला. त्या सगळ्यात तिनं मुद्दाम त्या माणसाचा चेहरा निरखून ठेवला, की जगले तर याला सोडणार नाही. मग पोलिसांनी फोटो दाखवले, तिनं रोनाल्ड कॉटन नावाच्या माणसाचा फोटो काढला. मग माणसं समोर उभी केली, त्यातही तोच, आणि फोटोतला चेहरा ओळख परेडमध्ये दिसल्यावर ओळखीचा वाटणारच की. तिथून पुढं तिच्या आठवणीतल्या माणसाला कॉटनचा चेहरा बसला. कॉटनवर दुसऱ्यांदा खटला चालला तेव्हा खरा गुन्हेगार बॉबी पूल तिच्यासमोर आणून उभा केला तर ती म्हणाली, याला मी कधी बघितलेलंच नाही. १९९५ मध्ये डीएनए तपासला तेव्हा पूल सापडला आणि कॉटन दहा वर्षांहून जास्त काळ जेलमध्ये काढून बाहेर आला. तिच्याएवढं लक्ष देऊन तर मी काहीच बघितलं नव्हतं.

आपल्याकडं ओळख परेडीचे नियम कागदावर चांगले आहेत हे मला नंतर कळलं. महाराष्ट्रात ती पोलीस घेत नाहीत, बहुतेक वेळा तहसीलदार घेतात, पंच असतात, एका संशयिताबरोबर साधारण तशाच दिसणारी निदान सहा माणसं उभी करायची असतात. आणि आधी फोटो दाखवला किंवा आरोपीला ठाण्यात बघू दिलं तर कोर्ट त्या परेडीला फारशी किंमत देत नाही. हे नियम करणाऱ्याला माणसाचं डोकं कसं चालतं ते बरोबर माहीत होतं. मग चेहऱ्यासाठी एवढी काळजी घेतो तर घटनेसाठी का नाही? चेहरा आधी दाखवायचा नाही, पण आख्खी घटना साक्षीच्या आधी पंधरा मिनिटं कागदावर वाचायला द्यायची, तीही दुसऱ्याच्या शब्दात?

एका ओळखीच्या वकीलताईंनी मला १९८३ चा सुप्रीम कोर्टाचा भरवाडा भोगिनभाई विरुद्ध गुजरात सरकार हा निकाल वाचायला सांगितला. त्यात कोर्टानं म्हटलंय की साक्षीदाराकडनं फोटोसारख्या स्मरणशक्तीची अपेक्षा धरता येत नाही, मनाच्या पडद्यावर व्हिडिओ टेप परत लावल्यासारखं ते नसतं. खरं बोलणारा साक्षीदारसुद्धा कोर्टाच्या वातावरणानं आणि उलटतपासणीनं दबून जाऊ शकतो, क्रम चुकवतो, आणि आपण मूर्ख दिसू किंवा आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत या भीतीनं ऐनवेळी कल्पनेतनं तपशील भरतो. मी ते वाचताना थांबले. ताडपत्री! चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्याबद्दल लिहून ठेवल्यासारखं वाटलं. पण हा निकाल छोट्यामोठ्या विसंगतीपायी खऱ्या साक्षीदाराला फेकून देऊ नका असं सांगतो, आणि माझी चूक छोटी नव्हती. सगळी केस "बघितलं का" यावर उभी होती. आणि वेगाचं म्हणाल तर १९९८ च्या कर्नाटक विरुद्ध सतीश या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की गाडी "जोरात" होती एवढ्यावर हयगय सिद्ध होत नाही, जोरात हा शब्दच सापेक्ष आहे. माझ्या साठ-सत्तरला तर काही आधारच नव्हता, दिसलेलाच नव्हता पिकअप.

सरकारी वकिलांना फोन केला तर ते म्हणाले, ताई तुमची साक्ष झाली, आता कशाला उकरताय. दोन दिवस गप्प बसले. हमाल काकांचा पाय डोळ्यासमोर यायचा, आणि तो पोरगा पण यायचा, डोक्याला हात लावून उभा असलेला. शेवटी अर्ज लिहून दिला, मेसेजचं सगळं लिहिलं त्यात. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३११ खाली कोर्टाला साक्षीदाराला परत बोलावता यायचं, मार्चमध्ये बोलावलं. यावेळी प्रश्न सरकारी वकिलांचे होते आणि ते टोकदार होते. तुमच्यावर दबाव आला का? आरोपीकडचं कोण भेटलं होतं? पैसे घेतलेत का? मी नाही, नाही, नाही म्हणत गेले. पहिल्या वेळी सगळं खोटं असून माझ्यावर सगळ्यांचा विश्वास होता आणि आता खरं सांगतेय तर मी फुटलेली साक्षीदार. यार्डात पण तेच झालं, चार दिवस लोक मला बघून बोलायचे थांबायचे.

माझं एक म्हणणं आहे आणि ते मी ज्याला त्याला सांगते. साक्षीदाराचं पहिलं बोलणं त्याच्या आवाजात रेकॉर्ड करा. कायद्यात २००९ पासनं जबाब ऑडिओ-व्हिडिओवर घ्यायची मुभा आहे, २०२४ पासनं लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे. "काय झालं ते तुमच्या शब्दात सांगा" एवढंच विचारा आणि मध्ये बोलू नका, रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गायजेलमन यांनी १९८० च्या दशकात साक्षीदाराला बोलतं करायची जी पद्धत बसवली तिच्यात याच्यावर भर आहे. मग चार वर्षांनी वाचायला कागद देण्यापेक्षा ऐकायला ती रेकॉर्डिंग द्या. माझ्याकडं तो मेसेज होता तो निव्वळ योगायोग, पुसत होते की मी.

दुसऱ्या साक्षीला मॅजिस्ट्रेट मॅडमनी टायपिस्टला सांगितलं, "मी धडक प्रत्यक्ष पाहिली नाही. आवाज ऐकून मी वळून पाहिले." मला वाचून दाखवलं. बरोबर आहे म्हणाले, यावेळी प्रत्येक शब्द ऐकून.

बाहेर आले तर व्हरांड्यात हमाल काका आणि काकू बसलेले. काकू म्हणाल्या, "ताई, तुमच्यावर भरवसा होता ओ." मी त्यांच्या शेजारी बसले. नुकसानभरपाईचा दावा वेगळा चालतो, तिथं पुराव्याची पट्टी एवढी कडक नसते, पंचनामा आहे, दवाखान्याचे कागद आहेत, वकीलताईंचा नंबर देते, असं सगळं भडाभडा सांगत सुटले. काकूंनी तोंड फिरवलं. काका काठीवर हनुवटी टेकवून ऐकत होते. मग म्हणाले, "जाऊ दे, पोरी. माझ्या तर पाठीमागनं आला तो. मला आवाज पण आठवत नाही बघ. यार्डाचं गेट दिसलेलं आठवतंय, आन् त्याच्यानंतर डायरेक्ट सिव्हिलमधला पंखा."